आधी राखू, मग लावू

(ग्रामसंघाच्या उन्हाळी सभेत एका पशुसखी ताईंनी केलेलं हे भाषण. विषय माण तालुक्यातल्या एका गावच्या गायरानाचा आहे, पण कमी पावसाच्या कुठल्याही गावातल्या गटाला तो आपलाच वाटेल. म्हणून ताई बोलल्या तसंच, थोडं आटोपशीर करून छापत आहोत. – संपादक मंडळ)



मला भाषणाची सवय नाही. मी पशुसखी आहे. शेळ्यांना लस टोचायची, जंताचं औषध पाजायचं, करडू आजारी पडलं तर बघायला जायचं, हे माझं काम. माझ्या स्वतःच्या सहा शेळ्या आहेत आणि त्या गायरानातच चरतात. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढं मी चराईबंदीविषयी बोलणार आहे. तेव्हा कुणी म्हणायला नको की हिला काय जातंय बोलायला. जाणार आहे, माझंही जाणार आहे.

येत्या महिला ग्रामसभेत आपल्या गायरानाचा विषय यायचा आहे, हे तुम्हाला माहीत आहे. म्हणणं असं आहे की मशीन लावून माळ साफ करायचा, झुडपं काढायची, खड्डे घ्यायचे आणि पावसाळ्यात झाडं लावायची. झाडं लावायला कोण नाही म्हणेल? मीही म्हणणार नाही. पण 'साफ करायचा' या शब्दापाशी मी अडते. का अडते, ते सांगायलाच उभी राहिले आहे.

आमच्या हातून झालेली चूक

काही वर्षांमागं आमच्या गटानंही झाडं लावली होती. एका योजनेतून रोपं मिळाली. आम्ही सगळ्या बायका कुदळ-फावडी घेऊन गेलो. तिथं बोरीची खुरटी झुडपं होती, गुडघ्याएवढी, शेळ्यांनी कुरतडलेली. तरवड होता. मध्येमध्ये गवताची ठोंबं होती. आम्ही म्हटलं, कचराच आहे. दोन दिवस खपून सगळं खणून काढलं, पेटवून दिलं आणि स्वच्छ जमिनीत ओळीनं रोपं लावली. फोटोही काढला. फोटोत माळ किती नीटनेटका दिसतोय!

त्या वेळी आमच्या आत्या, म्हणजे माझ्या सासूबाई, भाकरी घेऊन आल्या होत्या. त्यांनी उपटलेलं बोरीचं खोड उचललं. वर गुडघाभर झुडूप आणि खाली माझ्या मनगटापेक्षा जाड मूळ. त्या म्हणाल्या, "आगं, ह्ये झुडूप न्हाई. ह्ये झाड हाय. तुमच्या शेरडांनी त्याला वर येऊ दिलं न्हाई येवढंच." आम्ही हसण्यावारी नेलं.

पुढं काय झालं ते तुम्ही ओळखलं असेल. पाऊस होता तोवर रोपं हिरवी होती. दिवाळीनंतर आम्ही घागरीनं पाणी घातलं, पाळ्या लावल्या. मार्चमध्ये प्यायच्या पाण्याचीच ओढाताण झाली आणि पाळ्या बंद पडल्या. पुढच्या पावसाळ्याला जी रोपं जगली, ती एका हाताच्या बोटांवर मोजता आली असती. आणि खड्ड्याच्या कडेला, जिथं आमची कुदळ पुरती पोचली नव्हती, तिथनं बोरीचे नवे फुटवे निघाले होते. त्यांना कुणी पाणी घातलं नव्हतं.

त्या दिवसापासून मी शेळ्यांच्या मागं जाताना जरा खाली बघून चालायला लागले. काही गोष्टी आत्यांकडून कळल्या, काही प्रशिक्षणात, काही पुस्तकातून. त्याच सांगते.

झाडाचीही बचत असते

सह्याद्रीच्या माथ्यावर महाबळेश्वरला वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. तिथून पूर्वेला आपल्याकडं यायला गाडीनं काही तास लागतात. पण ढग डोंगरावरच रिकामे होतात आणि आपल्या वाट्याला पाचशेच्या आसपास येतो, काही साली त्याहून कमी. तोही कसा? जूनमध्ये चार शिंतोडे, जुलै-ऑगस्टमध्ये नुसता वारा, आणि खरा पाऊस सप्टेंबरमध्ये परतीच्या वाटेवर. म्हणजे आपल्या माळावरच्या झाडाला वर्षातले आठ-नऊ महिने कोरडे काढावे लागतात. ते कसं काढतं?

आपण गटात काय शिकलो? हातात पैसा आला की आधी बचत, मग खर्च. माळावरचं झाड हेच करतं. पाऊस पडला की ते आधी वर वाढत नाही, खाली वाढतं. पावसाळ्यात आपोआप उगवलेलं बोरीचं किंवा हिवराचं रोप हळूच खणून बघा. वर वीतभर असेल तर खाली मूळ त्याच्या दुपटी-तिपटीनं असतं. वरची माती वाळायच्या आत ओलीपर्यंत पोचायचं, ही त्याची शर्यत असते. पोचलं तर जगलं, नाही तर गेलं. राजस्थानात शमीला खेजडी म्हणतात. तिची मुळं वीस-तीस मीटर खोल गेल्याच्या नोंदी आहेत. आपल्या विहिरींची खोली आठवून बघा.

आता पिशवीतल्या रोपाचं काय होतं ते बघा. सोटमूळ पिशवीच्या तळाशी जातं, पुढं वाट नाही म्हणून गोल गोल वळतं. आपण रोप वर्षभर पिशवीत ठेवलं तर वर ते छान कमरेएवढं दिसतं, पण खाली मुळाचा गुंता झालेला असतो. असं रोप माळावर नेलं की वर पानांचा मोठा खर्च आणि खाली बचत नाही. मग ते मार्च कसा काढणार? आमची रोपं मेली यात नशिबाचा दोष नव्हता. हिशेबच चुकला होता.

दुसरी गोष्ट, खर्च कमी करणं. पानाला डोळ्यांना दिसत नाहीत एवढी बारीक छिद्रं असतात. झाड त्यातून हवा आत घेतं आणि त्याच वाटेनं झाडातलं पाणी वाफ होऊन बाहेर जातं. तेव्हा पान जितकं मोठं, तितका खर्च मोठा. म्हणून बाभळीची, हिवराची, शमीची पानं बघा, बारीक बारीक पानोळी. बोरीचं पान उलटं करून बघा. वरून हिरवं गुळगुळीत, खालून पांढरट लवेचं. ती लव छिद्रांवर पांघरुणासारखी असते, वारा थेट लागू देत नाही. दुपारी ज्वारीची पानं सुरळी होतात, हे तर आपण सगळ्यांनी रानात पाहिलंय. सुरळी केली की उन्हाला अंग कमी लागतं. संध्याकाळी पान परत उलगडतं.

काही झाडं तर पानांचा संसारच आवरून ठेवतात. पळसाची पानं झडतात आणि ऐन कोरड्या दिवसांत तो नुसता फुलांनी पेटतो. बोरही उन्हाळ्यात उघडी पडते. आपण म्हणतो, वाळली. वाळलेली नसते ती, गप्प बसलेली असते. नेपतीला तर पानं जवळजवळ नसतातच. तिच्या हिरव्या फांद्याच पानाचं काम करतात. आणि निवडुंग, थोर, घायपात? ही दिवसा छिद्रं मिटून घेतात आणि रात्री, हवा गार झाल्यावर उघडतात. आपण नाही का उन्हाळ्यात जळण-पाण्याची कामं पहाटे उरकून घेत? तसंच.

लिंबाचं मात्र उलटं. चैत्रात सगळं रान भाजत असताना लिंबाला कोवळी तांबूस पालवी फुटते. गुढीला आपण तोच डहाळा बांधतो. वर पाऊस नाही, ओढा कोरडा, मग ही पालवी कशाच्या जिवावर? खाली खोल मुरलेल्या पाण्याच्या. लिंबाचं चैत्रातलं हिरवेपण ही गेल्या पावसाची बचत आहे.

सगळं बी एकदम उगवत नाही

ही गोष्ट मला सगळ्यात शहाणपणाची वाटते. बाभळीचं, हिवराचं बी किती टणक असतं, दातानं फुटत नाही. सगळं बी जर जूनच्या पहिल्या शिंतोड्याला उगवलं आणि पुढं महिनाभर वारा सुटला, तर सगळी रोपं एकदम मरतील. म्हणून काही बी यंदा उगवतं, काही पुढच्या साली, काही त्याच्याही पुढं. टणक साल हळूहळू झिजते, मग पाणी आत जातं. सगळा पैसा एकाच धंद्यात घालू नका, असं आपल्या बँकसखी सांगतात ना? माळ ते आधीपासून करतोय.

यात आपल्या शेळ्यांचाही हात आहे बरं का. उन्हाळ्यात शेळ्या बाभळीच्या शेंगा मिटक्या मारत खातात. त्यातलं बरंचसं बी लेंडीतून, रवंथ करताना, तसंच बाहेर पडतं. पोटातून गेल्यामुळं साल नरम झालेली असते, ते बी लवकर उगवतं. म्हणजे शेळी ही झाडाची नुसती वैरीण नाही, ती त्याची पेरणीही करते. फक्त तीच शेळी उगवलेलं रोप महिन्याभरात खाऊनही टाकते. भांडण तेवढंच आहे.

आणि कुसळी गवत! भाद्रपद-आश्विनात माळावरनं आलो की लुगड्याचा काठ कुसळांनी भरतो, काढता काढता जीव जातो. त्या कुसळाची गंमत बघा. ते ओलं झालं की पीळ सुटतो, वाळलं की परत पीळ बसतो. रात्रीच्या दवानं आणि दिवसाच्या उन्हानं ते सारखं फिरत राहतं, आणि टोकाचं बी गिरमिटासारखं जमिनीत शिरतं. आपण शिव्या घालतो, पण ते स्वतःची पेरणी स्वतः करत असतं.

आणखी एक. लिंबाचं रोप माळावर आपोआप कुठं उगवतं, बघितलंय? मोकळ्या जागी क्वचितच. बोरीच्या नाही तर हिवराच्या झुडपात. पक्षी लिंबोळी खाऊन फांदीवर बसतो, बी खाली पडतं. खाली सावली असते, पालापाचोळ्याची ओल असते आणि भोवती काट्याचं कुंपण असतं, शेळीचं तोंड पोचत नाही. पाच-सात वर्षांनी लिंब झुडपाच्या वर डोकं काढतो. म्हणजे ज्याला आम्ही कचरा म्हणून पेटवलं, ते लिंबाचं बाळंतघर होतं. तरवडाचंही तसंच. शेळी त्याला सहसा तोंड लावत नाही. म्हणून आपण त्याला बिनकामाचा म्हणतो. पण उघड्या मुरमावर माती धरून ठेवतो तो तरवडच. त्याच्या बुडाशी गवताची काडी जगते.

सोसण्यालाही हद्द असते

आता कुणी म्हणेल, एवढी चिवट झाडं आहेत तर काळजी कशाची? काही केलं तरी ती परत येतील.

नाही येत, ताईंनो. सोशिक बाईलाही किती सोसायला लावायचं, याला हद्द असते. आपण हे बोलत नाही, पण आपल्याला माहीत आहे.

गवताचं उदाहरण घ्या. पवन्या, मारवेल ही आपली चांगली गवतं. त्यांचं ठोंब वर्षानुवर्षं जगतं, दर पावसाला त्याच ठोंबातून नवी पात फुटते. वरची पात खाल्ली तर ठोंबाला फरक पडत नाही. पण कधी? पुन्हा पात वाढायला उसंत मिळाली तर. पात म्हणजे गवताचं स्वयंपाकघर, मुळाला जेवण तिथूनच जातं. पात फुटली की खाल्ली, परत फुटली की परत खाल्ली, असं झालं की मूळ उपाशी राहतं आणि आखडतं. दोन-तीन साली ते तग धरतं, मग एका कोरड्या वर्षी ठोंब मरतं. दुष्काळानं मेलं, असं आपण म्हणतो. खरं तर ते आधीच कर्जबाजारी झालेलं होतं, दुष्काळ नुसता निमित्त.

चांगलं गवत गेलं की कुसळी वाढते, कुसळीही गेली की उघडी जमीन. मग गाजर गवत येतं, वेडी बाभूळ येते. वेडी बाभूळही चिवटच आहे, तोडली की दुप्पट फुटते. पण ती मूळची अमेरिकेकडची. एकदा दाट झाली की खाली गवत येऊ देत नाही. जळणाला चांगली आहे, तेव्हा तोडायची असेल तर आधी ती तोडू. चिवट आहे म्हणजे सगळंच राखण्याजोगं, असं मी म्हणत नाही.

आणि शेवटची हद्द म्हणजे माती. ठोंब गेलं, झुडपाचं मूळ उपटलं, की पहिल्या वळवाला माती ओघळीनं खाली जाते. मुरूम उघडा पडला की बीही थांबत नाही, ओलही थांबत नाही. तिथून परत येणं आपल्या हयातीत होईल असं मला वाटत नाही. म्हणून मशीनला मी भिते. कुऱ्हाड वरचं नेते, मूळ ठेवते. मशीन मूळच काढतं.

इतरांनी काय केलं

हे नुसतं माझं म्हणणं नाही. आफ्रिकेत नायजर नावाचा देश आहे, वाळवंटाच्या कडेला. तिथंही पावसाची आपल्यासारखीच तऱ्हा. टोनी रिनॉडो नावाचे एक ऑस्ट्रेलियाचे गृहस्थ तिथं झाडं लावायचं काम करत होते. लावलेली बहुतेक झाडं मरत होती. 1983 च्या सुमाराला एकदा ते वाटेत गाडीच्या चाकातली हवा कमी करायला थांबले आणि त्यांनी शेजारच्या एका झुडपाकडं नीट बघितलं. ते झुडूप नव्हतं. तोडलेल्या झाडाच्या खोडाला आलेले फुटवे होते. आमच्या आत्यांनी उचलून दाखवलं होतं, अगदी तेच. त्यांच्या लक्षात आलं की रानभर जमिनीखाली जंगल जिवंत आहे, त्याला फक्त वर येऊ द्यायचंय. मग त्यांनी शेतकऱ्यांना सोबत घेतलं. एका खोडाचे चार-पाच चांगले फुटवे ठेवायचे, बाकी छाटायचे आणि राखायचे. वीस-बावीस वर्षांत तिथं सुमारे 50 लाख हेक्टरवर झाडं परत उभी राहिली. रोपवाटिकेचा खर्च नाही, टँकर नाही. आणि एक गोष्ट महत्त्वाची: आधी तिथं झाड सरकारचं मानलं जायचं. राखलेलं झाड आपलं आहे, ही खात्री पटायला लागली तेव्हा लोकांनी राखलं.

आपल्या जवळचं उदाहरण नगर तालुक्यातलं हिवरे बाजार. तिथलं नाव सगळ्यांनी ऐकलंय, तेव्हा लांबण लावत नाही. पाणी अडवलं हे सगळे सांगतात. पण त्यासोबत कुऱ्हाडबंदी आणि चराईबंदी होती, हे आपण विसरतो. गवत कापून न्यायची मुभा, जनावर सोडायला मनाई. डोंगर त्यामुळं हिरवा झाला.

मग आपण काय करायचं?

माझं म्हणणं पाच गोष्टींत सांगते.

पहिलं. ग्रामसभेआधी प्रत्येक गटानं एकदा गायरानात जायचं. सोबत जुन्या लुगड्याच्या चिंध्या घ्यायच्या. बोरीचं, हिवराचं, लिंबाचं, शमीचं, पळसाचं जिवंत खोड दिसलं की त्याला चिंधी बांधायची. जिथं चिंधी, तिथं मशीन नाही, कुदळ नाही. आज्यांनो, तुम्हाला यायलाच लागेल. वाळक्या खोडात जीव आहे का, हे आमच्यापेक्षा तुम्हाला लवकर कळतं. नखानं साल खरवडून हिरवं दाखवणाऱ्या तुम्हीच.

दुसरं. या खोडांचे फुटवे विरळायचे. दहा-पंधरा असतील तर सरळ, जोमदार असे तीन-चार ठेवायचे. ठेवलेल्या फुटव्याच्या खालच्या अर्ध्या भागातल्या बारीक फांद्या काढायच्या. बोरीची छाटणी आपण एप्रिल-मेमध्ये करतोच, तीच वेळ. निघालेल्या बोराट्या फेकायच्या नाहीत, त्याच भोवती कुंपणाला लावायच्या. जाड काड्या जळणाला.

तिसरं. झाडं लावायची ती उघड्या जागी, आणि शक्य तिथं थेट बी लावायचं. आपल्याच बाभळीचं, हिवराचं, बोरीचं, शमीचं बी. टणक बियांवर गरम पाणी ओतून रात्रभर भिजवायचं, आठळी असेल तर हलकेच फोडायची. पहिला चांगला पाऊस झाला की टोकायचं. एका जागी तीन-चार बिया, झुडपाच्या आडोशाला. रोपंच लावायची झाली तर पिशवीत फार दिवस न ठेवलेली, लहान आणि सरळ मुळाची मागायची. चर काढायचे तेही उघड्या मुरमावर. जिवंत ठोंबातून चर नको.

चौथं. आग लावायची नाही. फुंकर मारून विडी टाकणाऱ्यांना घरातच सांगायचं.

पाचवं, आणि हेच अवघड आहे. गायरानाचे तीन भाग करायचे. एक भाग दोन पावसाळे बंद, दोन भाग चराईला खुले. दोन वर्षांनी पाळी बदलायची. बंद भागात पहिल्या वर्षी गवताचं बी पडू द्यायचं, मग दिवाळीनंतर विळ्यानं कापून न्यायचं, चार बोटं बूड राखून. बी पडल्यावर गवत राठ होतं, चाऱ्याला थोडं कमी पडतं, हे खरं आहे. दुसऱ्या वर्षी काही भाग फुलोऱ्यात असतानाच कापता येईल, तो चारा चांगला लागतो.

"आणि माझ्या शेरडांनी काय खायचं?"

परवा गटाच्या बैठकीत मी हे बोलले तेव्हा एका मावशींनी विचारलं, "तुमचं समदं खरं. पर माझ्या चार शेरडांनी दोन वर्सं काय खायचं? तुम्हाला बांध हायेत. मला बांध बी न्हाई."

मला लगेच उत्तर देता आलं नाही. त्यांचं म्हणणं खरं आहे. गायरान बंद झालं की ज्यांच्याकडं शेत आहे त्यांना फार फरक पडत नाही, बांधावरचं गवत असतं, कडबा असतो. झळ लागते ती भूमिहीन बाईला. आणि आपल्या मेंढपाळ बांधवांना. ते दिवाळीनंतर कळप घेऊन बाहेर पडतात आणि पावसाळ्यात गावी परत येतात. नेमकं ज्या दिवसांत आपण माळ बंद करायचा म्हणतोय, त्याच दिवसांत ते इथं असतात. त्यांना न विचारता ठराव केला तर तो कागदावरच राहील, आणि राहायलाच पाहिजे.

म्हणून मी त्या मावशींसोबत बसून पुढचं ठरवलंय, आणि ते ठरावात लिहून घ्यायचंय. एक, बंद भागातलं गवत कापायचा पहिला हक्क भूमिहीन बायकांचा. त्यांचं झाल्यावर बाकीच्यांचा. दोन, ज्यांच्याकडं कडबा शिल्लक असतो अशा घरांनी पहिल्या वर्षी गटाच्या चारा साठ्यात काही पेंढ्या द्यायच्या, ग्रामसंघानं त्याची वही ठेवायची. तीन, कुठला भाग आधी बंद करायचा हे मेंढपाळ घरांना बोलावून, त्यांच्या वाटा बघून ठरवायचं. त्यांच्या घरातल्या बायका आपल्या गटात कमी आहेत. हा आपला दोष आहे, तो याच निमित्तानं दूर करू.

एवढ्यानं मावशींचं सगळं समाधान झालं का? नाही. त्या म्हणाल्या, "बगू. पैल्या वर्सी बगू." मला वाटतं हे बरोबर आहे. पहिल्या वर्षानंतर बैठक घेऊ. त्यांची शेरडं उपाशी राहिली असतील तर योजना बदलू. माळ राखायचा म्हणून त्यांची चूल विझवायची नाही.

फायदा कधी दिसेल? गवत पहिल्याच पावसाळ्याला फरक दाखवेल. बोर दोन-तीन वर्षांत धरेल. मग बोरकूट आहे, लिंबोळ्या आहेत, उन्हाळ्यात शेळ्यांना हिवराच्या आणि बाभळीच्या शेंगा आहेत. आमच्या आई सांगायची, बहात्तरच्या दुष्काळात माणसांना सुकडी मिळाली, मिलो मिळाला, पण शेरडं जगली ती शेंगांवर आणि झाडपाल्यावर. शेरडं जगली म्हणून घर परत उभं राहिलं. पुढचा बहात्तर कधी येईल सांगता येत नाही, पण तो आपल्या भागात येतोच. तेव्हा वरचा चारा संपलेला असेल. खाली मूळ असेल तरच झाडाला पाला असेल.

पंधरा मिनिटं केव्हाच झाली, अध्यक्षताई घड्याळ दाखवतायत. शेवटचं एकच सांगते. आमच्या त्या वृक्षारोपणाचा फोटो घरात अजून भिंतीवर आहे. मी तो काढला नाही. त्यात मागच्या बाजूला आत्या उभ्या आहेत, हातात ते उपटलेलं बोरीचं खोड धरून. त्या आता नाहीत. त्या खोडाकडं तेव्हा कुणाचं लक्ष नव्हतं. आता तुम्ही बघा.

येत्या रविवारी सकाळी सात वाजता, ऊन चढायच्या आत, देवळापाशी जमायचं. येताना पाण्याची बाटली, विळा आणि जुनं लुगडं घेऊन या. चिंध्या तिथंच फाडू.